पाय मोडलेला 'य'

विभा देवस्थळी काय करते, असं कोणी विचारलं की मला अजून घाम फुटतो. टोकियोतल्या आमच्या हिगाशी-कसाईच्या गणपतीत पुण्याहून आलेली कोणाची तरी सासू हे हमखास विचारते. बाकीच्यांचं सोपं असतं. अमकी टेस्टिंगमध्ये आहे, तमकी शाळेत शिकवते, आणि मी, सरिता, कोनबिनीत, म्हणजे इथल्या दिवसरात्र उघड्या दुकानात, काउंटरवर उभी राहून लोकांचे डबे गरम करून देते. विभाची पाळी आली की मी म्हणते, "ती गाणं शिकवते."

"अगं बाई! शास्त्रीय?"

"नाही हो काकू. युरोपातलं, चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीचं. आणि सर्बियाच्या चर्चमधलं."

"कोणाला?"

"जपानी लोकांना."

मी टिंगल करतेय असं वाटून काकू मग तोंड फिरवून प्रसाद मागतात. विभाच्या आईने तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फोनवरच विचारलं होतं, "का गं, आपलं काय नासलं होतं?"

काही नासलं नव्हतं. पुण्यात तिच्या बाईंकडे ती पंधरा वर्षं ख्याल शिकली. आवाज बरा, थोर नाही. हे मी नाही म्हणत, तीच म्हणते. लग्न झालं, नंदकिशोरला टोकियोचं दोन वर्षांचं काँट्रॅक्ट मिळालं आणि इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची डबी बॅगेत घालून ही इथे आली. नवरा ऑफिसला गेला की रियाज सुरू. आठवड्याभराने लिफ्टमध्ये शेजारच्या आजी भेटल्या. वाकून म्हणाल्या, "तुम्ही फार सुंदर गाता. आमच्या घरात अगदी स्पष्ट ऐकू येतं." झालं! ही हरखली. दुसऱ्या दिवसापासून अर्धा तास जास्त. मग एक दिवस इमारतीचा मॅनेजर दारात उभा, हातात नियमांचं पत्रक.

इथे 'स्पष्ट ऐकू येतं' म्हणजे 'बंद कर', हे तिला तेव्हा कळलं. आपल्याकडे भिंतीवर धपाधप हात आपटतात ते परवडलं, निदान कळतं तरी. तिने ती डबी कपाटात टाकली आणि वर्षभर गायलीच नाही. केतकी झाली, तिला अंगाईसुद्धा दबक्या आवाजात.

मग कोणीतरी सांगितलं की नदीपलीकडे कोतोमध्ये एक सार्वजनिक हॉल आहे, तिथे गाण्याला खोली मिळते. ती चौकशीला गेली. कॉरिडॉरमध्ये एक दार बंद होतं आणि आतून खर्ज येत होता. एकच सूर, लांबच लांब, पुरुषांच्या आवाजातला, आणि त्याच्यावर बायकांचं गाणं सावकाश हलतंय. तिला वाटलं, आत कोणीतरी सा लावलाय. दार उघडून आत गेली ती गेलीच.

आत वीस-बावीस जपानी माणसं उभी होती आणि समोर होरिउची-सेन्सेई. सेन्सेई म्हणजे गुरुजी. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेला, काटकुळा, कोपरांवर विरलेला स्वेटर घालणारा माणूस. तरुणपणी दोन वर्षं बेलग्रेडला राहिला आणि सर्बियन चर्चच्या गाण्याच्या चोपड्यांनी भरलेली बॅग घेऊन परत आला. ते गाणं आणि जुन्या काळचं युरोपी गाणं, एवढंच तो आयुष्यभर शिकवत राहिला. त्याने या बाईला बसायला खुर्ची दिली आणि तालीम संपल्यावर विचारलं, "काय ऐकू आलं?" विभाने मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं, "खालचे पुरुष थकले की सूर उतरतो. दुसऱ्या ओळीतला उजवीकडचा माणूस आधी थकतो." तो माणूस म्हणजे गटाचे अध्यक्ष मिझुशिमा-सान, 'सान' म्हणजे आपलं 'साहेब'. सेन्सेई इतके हसले म्हणतात, की खोकला लागला. मिझुशिमा-सान हसले नाहीत.

या मिझुशिमा-सानांबद्दल सांगायला हवं. बँकेतून निवृत्त, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि कान असा की चमचा पडला तरी तो कोणत्या सुरात पडला ते सांगतील. पण जुन्या युरोपी गाण्याची पट्टी आजच्यापेक्षा अर्ध्या सुराने खाली असते. कागदावर एक सूर आणि कानात दुसरा, त्यामुळे यांचं डोकं दुखायचं. तालमीला गोळी घेऊन यायचे. विभाला त्याचं काहीच नाही. ती म्हणायची, "पट्टी काय, काळी एक घ्या नाहीतर पांढरी एक घ्या, गळ्याला सोसेल तिथे सा." सेन्सेईंना हेच हवं होतं. त्यांनी तिला हाताखाली घेतलं आणि आठ-नऊ वर्षं शिकवलं. गाणाऱ्यांसमोर हात कसा धरायचा, चार आवाज एकदम कसे ऐकायचे, सगळं.

आणि तिने त्यांना काय दिलं, तर जोडाक्षरं! जपानी लिपीत अक्षरं सुटी सुटी. 'स्व्याति', म्हणजे पवित्र, असं लिहायचं तर 'सुवियाती' होतं. ल आणि र एकच. सर्बियन चर्चची भाषा त्यात लिहिली की तिची पार खिचडी व्हायची. विभाने एक दिवस फळ्यावर देवनागरी काढली. "हे बघा, प्रत्येक अक्षराच्या पोटात एक 'अ' असतो. तो नको असेल तर अक्षराचा पाय मोडायचा." आणि खाली तिरकी रेघ दिली. ती माणसं इतकी खूश झाली! घरी जाऊन गिरवून आली. मिझुशिमा-सानांचं 'स्व्य' तर माझ्यापेक्षा सुरेख. कोतोच्या एका खोलीत जपानी पेन्शनर सर्बियन प्रार्थना देवनागरीत वाचून म्हणतायत, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना.

मी तिथे कशी? आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात, माणसं कमी पडली म्हणून विभा मला ओढून घेऊन गेली. मी डोंबिवलीची, आरतीपलीकडे माझं गाणं नाही. ती म्हणाली, "आरतीत ओरडतेस तेवढंच ओरड, फक्त खालच्या पट्टीत." बुधवारी संध्याकाळी दोघी सायकली काढायच्या आणि कसाई पुलावरून पलीकडे. तालमीत ती सगळं जपानीत बोलायची, पण एक शब्द मात्र मराठीतच सुटायचा. "परत." सगळ्यांना तो कळायचा. म्हातारी माणसं आपसातही म्हणायची, "पाराता, पाराता."

सेन्सेई व्हीलचेअरवर आले तेव्हा त्यांनी आपला नादकाटा, गुडघ्यावर आपटून कानाला लावतात आणि सूर घेतात तो, सगळ्यांसमोर विभाच्या हातात दिला. म्हणजे गट तिचा. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण जपानीत आहे की नाही मला माहीत नाही, पण दोन-तीन चेहऱ्यांवर मला ती वाचता आली. विभा त्या दिवशी पुलावर सायकल थांबवून रडली. म्हणाली, "सरिता, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला माझं असं काहीतरी दिलं."

म्हणून कानाचं झालं तेव्हा ती गप्प बसली.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एके सकाळी उठली तर उजवा कान बंद. तिला वाटलं अंघोळीचं पाणी गेलं असेल. पाणी कसलं! आत शिट्टी वाजत होती आणि बाकी शुकशुकाट. त्या आठवड्यात जादा तालमी होत्या, त्या करून मग डॉक्टरकडे गेली. मी होते बरोबर. डॉक्टर शांतपणे म्हणाला की असं अचानक होतं, कारण कळत नाही, पहिल्या दोन-चार दिवसांत आला असतात तर गोळ्यांचा उपयोग झाला असता. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर येऊन मी तिला रस्त्यातच झापलं. "गाणं, गाणं! कानच गेला तर गाणार काय, कपाळ?" ती म्हणाली, "हळू बोल." मग म्हणाली, "नाही, उजवीकडून बोलू नकोस, इकडून बोल."

तिने मला शपथ घातली. कोणाला सांगायचं नाही, नंदकिशोरलासुद्धा नाही.

"अगं, नवऱ्याला नाही?"

"त्याला कारणच हवंय. दर दोन वर्षांनी वाढवलेलं काँट्रॅक्ट पुन्हा संपत आलंय, त्याला पुण्याला परत जायचंय. माझ्या गटासाठी थांबलाय."

"आणि गटाला?"

"गट मला काढणार नाही गं. इथे कोणी काढत नाही. 'थोडी विश्रांती घ्या' म्हणतात. मग दुसरा कोणी तरुण कॉलेजातून येतो, आणि तुझी विश्रांती संपतच नाही."

ती लपवत राहिली आणि मी बघत राहिले. नादकाटा उजव्या कानाला जायचा तो डाव्याला जायला लागला. बायका तिच्या डाव्या हाताला, पुरुष उजव्या. मी म्हटलं, पुरुषांना इकडे आण. तर म्हणे, इतक्या वर्षांची बसायची पद्धत बदलली की विचारतील. आणि खर्ज काय, जमिनीतून पायांत येतो, तो कळतोच. तो कळायचाही. पण ओळीचा शेवट हळू झाला की तो तिच्यापर्यंत पोचायचा नाही. मग म्हणायची, "परत. श्वासासाठी." नाहीतर, "परत. चेहरे हसरे ठेवा." रोज नवीन निमित्त. चार आवाज सांभाळणारी बाई, घरी येऊन नुसती झोपायची. केतकी जपानीत काहीतरी विचारायची, ही "हो" म्हणायची, आणि त्या प्रश्नाला "हो" हे उत्तरच नसायचं. पोरगी पाय आपटत खोलीत जायची.

मे महिन्यात तीन नवे पुरुष आले. विभाने पुरुषांसाठी सगळे शब्द नव्याने लिहून दिले. आमच्या बायकांचे कागद जुनेच. त्यात एक प्रार्थना होती, तिच्यात 'दया कर' म्हणायला 'पोमिलुय्' असा शब्द पुन्हा पुन्हा येतो. आता तुम्हीच सांगा, आपण मराठी माणूस 'सोय' लिहितो, 'गाय' लिहितो, तेव्हा शेवटच्या यचा पाय मोडतो का? नाही मोडत. बोलतानाच तो 'अ' गिळून टाकतो. विभाने घाईत तसंच लिहिलं, 'पोमिलुय'. आणि त्या बिचाऱ्यांना तिनेच शिकवलेलं, पाय मोडला नसेल तर पोटात 'अ' आहे! शहाण्या मुलांसारखे सगळे पुरुष, जुनेसुद्धा, नव्या कागदावर आहे तेच खरं मानून प्रत्येक ओळीच्या शेवटी म्हणू लागले, "पोमिलुया". हळूच, गोड, आणि तिच्या मेलेल्या कानाच्या बाजूला.

मला काहीतरी जास्तीचं ऐकू यायचं. पण मला वाटलं, त्यांच्या ओळीत तसं असेल. मला आल्टो सांभाळता सांभाळता नाकी नऊ, मी कुठे सर्बियन तपासू?

नोव्हेंबरात कार्यक्रम झाला. हॉल भरलेला. सेन्सेईंना व्हीलचेअरवरून आणून पहिल्या रांगेत, अगदी कडेला बसवलं होतं. त्यांच्या मागे एक सर्बियन कुटुंब होतं, टोकियोतच राहणारं, आजी आणि छोटी मुलगी धरून. पहिला भाग जुन्या युरोपी गाण्याचा, तो छान गेला. मग ही प्रार्थना. पहिल्यांदा "पोमिलुया" आलं तशी ती मुलगी खुदकन हसली. दुसऱ्यांदा आजीने तिच्या तोंडावर हात ठेवला. तिसऱ्यांदा आजीच हसत होती. मी समोरून सगळं बघत होते आणि सेन्सेईंकडे माझी नजर गेली. ते हसत नव्हते. डोळे मिटून मान खाली घालून बसले होते. विभाची पाठ प्रेक्षकांकडे, तिला काही कळायला मार्ग नव्हता. शेवटची ओळ तिने इतकी हळुवार सोडली, बोटांनी हवेत ठेवून दिल्यासारखी. तिच्या चेहऱ्यावर काय आनंद होता म्हणून सांगू!

टाळ्या झाल्या, फुलं झाली. आम्ही सगळे तिच्याभोवती उभे. सेन्सेईंची खुर्ची कोणीतरी ढकलत आणली, ती नेमकी तिच्या उजव्या बाजूला. विभा वाकली. सेन्सेईंनी तिच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू विचारलं, "दोच्चि नो मिमि देसु का?"

कोणता कान?

विभा हसली. आणखी वाकली. आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "आरिगातो गोझाइमासु, सेन्सेई." खूप खूप आभार.

सेन्सेईंनी तिचा हात हातात घेतला आणि थोपटत राहिले. आमच्या चेहऱ्यांकडे बघून तिचं हसू हळूहळू उतरलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होते? मी मराठीत म्हटलं, "त्यांनी विचारलं, कोणता कान."

सायकलींच्या तळावर मिझुशिमा-सान मला गाठून उभे राहिले. टोपी हातात. म्हणाले, "मी बरोबर गात होतो. मी माझ्यापुरता पाय मोडला होता."

मला आधी कळेचना. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"जूनपासून."

"मग सांगितलं का नाही हो?"

"सेन्सेईंनी स्वतः लिहिलं होतं." सेन्सेई म्हणजे विभा. "सगळ्यांसमोर गुरूची चूक कशी दाखवायची?"

"एकटीला गाठून दाखवायची! बायकोशी कधी बोलता की नाही एकट्यात?" हे मी अर्धं जपानीत, अर्धं मराठीत आणि पूर्ण ओरडून बोलले. शेजारचा एक माणूस सायकल तशीच टाकून मागे सरकला. मिझुशिमा-सानांनी कंबरेतून वाकून माफी मागितली. वाकलेल्या माणसाला आणखी काय बोलणार? वाकतातच मेले असे, की भांडणच संपतं.

त्या दिवशी विभाने नंदकिशोरला सांगितलं. तो वाईट माणूस नाही. तिच्यासाठी चहा केला आणि मग म्हणाला, "मग आता परत जाऊ या ना, विभा." केतकी दारात उभी राहून ऐकत होती म्हणे. तिला मराठी कळत नाही, असा या दोघांचा समज.

पुढच्या रविवारी दुपारी मिझुशिमा-सान आणि कमिटीतले दोघे घरी आले, हातात केकचा मोठा खोका. इतक्या भारी वेष्टनात इथे चांगली बातमी येत नाही. विभाने मला बोलावून घेतलं होतं. नंदकिशोर आणि केतकी कोपऱ्यात, मी ओट्यापाशी चहा गाळत. पाहुणे बसले ते नेमके विभाच्या उजव्या अंगाला.

मिझुशिमा-सान बोलू लागले. हवा गार झाली. कार्यक्रमाचे कष्ट फार झाले. सेन्सेईंची तब्येत सगळ्यांना फार मोलाची. त्यामुळे सर्वांच्या मनात असं आहे की... आणि पुढे आवाज खाली खाली जात नाहीसा झाला. जपानी आणि मराठी, दोन्हींत खरी गोष्ट वाक्याच्या शेवटी येते. 'आहे' की 'नाही' ते शेवटाला कळतं. आणि विभाला नेमका शेवटच ऐकू येत नव्हता. ती त्यांच्या ओठांकडे बघत होती, गोरीमोरी झालेली. मी किटली ठेवली.

तेवढ्यात केतकी उठली. दोन वर्षांत या पोरीने आईला मराठीत एक शब्द उत्तर दिलं नव्हतं. ती आईच्या डाव्या बाजूला जाऊन बसली आणि पाहुण्यांना कळू नये म्हणून खाली बघत मराठीत म्हणाली, "आई, ते म्हणतात तू थोडे दिवस विश्रांती घे. पण तसं नाहीये. ते तुला काढतात."

"कळलं," विभा म्हणाली. आणि तिने पोरीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मग ती ताठ बसली. मिझुशिमा-सानांकडे बघून अतिशय गोड हसली आणि म्हणाली, "केन्तो शिमासु."

विचार करू. एवढाच अर्थ. आपल्याकडे 'बघू हं' म्हणतो ना, तसं. वर्गणी मागायला आलेल्याला म्हणतो, स्थळ घेऊन आलेल्याला म्हणतो, आणि त्याला कळतं की आता चपला घालाव्यात. जपानात या दोन शब्दांवर मोठमोठे सौदे मोडतात. मिझुशिमा-सानांनी चहाचा कप जवळ ओढला. काय बोलणार? ती 'नाही' म्हणाली असती तर समजूत काढता आली असती. रडली असती तर माघार घेता आली असती. ही तर त्यांच्याच भाषेत, त्यांच्यापेक्षा नम्रपणे, दार लावून मोकळी झाली! तिघे चहा संपवून वाकत वाकत गेले. मी खोका फोडला आणि केकचा जाड तुकडा उभ्या उभ्या खाल्ला, इतका राग आला होता आणि इतकी मजाही वाटत होती.

पण पाहुणे गेल्यावर विभा बाथरूममध्ये जाऊन बसली. नळ सोडून रडत होती. मी दाराबाहेरून म्हटलं, "अगं, जिंकलीस की!" आतून आवाज आला, "जिंकले काय? ऐकू येत नाही ते नाहीच येत ना, सरिता. ते चुकीचं कुठे बोलतायत?" नंदकिशोर मान खाली घालून कप विसळत होता.

बुधवारी आम्ही निघालो. पुलावर समोरून वारा, सायकल जागची हलेना. ती माझ्या उजवीकडून चालवत होती, म्हणजे मी तिच्या डाव्या कानाला. म्हणाली, "आज कोणी आलं नसेल तर खोली बंद करून किल्ली देऊन टाकू. मग नंदू म्हणतो तसं." मी नुसती पायडलं मारत राहिले. बोलले असते तर वाऱ्यात तिला ऐकूही आलं नसतं.

खोलीत निम्मी माणसं होती. तीन नव्यांतला एकच आलेला. मिझुशिमा-सान नव्हते. खुर्च्या नेहमीसारख्या, डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. विभाने कोट काढला, फळ्याशी गेली आणि मोठ्ठा 'य' काढला. त्याच्या खाली तिरकी रेघ ओढली, इतकी जोरात की खडू तुटला.

"याचा पाय मी मोडला नव्हता," ती जपानीत म्हणाली. "तुम्ही जे वाचलं ते बरोबर वाचलं. चूक माझी. ती मला सहा महिने ऐकू आली नाही, कारण हा कान गेलाय." आणि तिने उजव्या कानावर तळवा ठेवला. "तो परत येणार नाही. मी तुमच्यापासून लपवलं."

असली शांतता मला सहन होत नाही, मी डोंबिवलीची आहे. मी तोंड उघडणार तेवढ्यात दार सरकलं. मिझुशिमा-सान. ते दारातच थांबले. फळ्याकडे पाहिलं, तिच्या कानावरच्या तळव्याकडे पाहिलं. मग उजवीकडे गेले, आपली खुर्ची उचलली, आणि तिच्यासमोरून ती घेऊन येऊन आमच्या बायकांच्या रांगेत, माझ्या शेजारी ठेवून बसले. त्यांच्या मागोमाग बाकीचे पुरुष उठले. पाच मिनिटं नुसता खुर्च्यांचा खरखराट. सगळे डावीकडे कोंबून बसलो, एकमेकांच्या कुशीत कोपरं, आणि उजवीकडची निम्मी खोली रिकामी.

विभाने नादकाटा गुडघ्यावर आपटला आणि सगळ्यांसमोर, सावकाश, डाव्या कानाला लावला. सूर दिला. आम्ही गायलो. मिझुशिमा-सानांचा खर्ज माझ्या बरगड्यांत घुमत होता. ओळीच्या शेवटी "पोमिलुय्" आलं, लख्ख, पाय मोडलेलं, एकाही माणसाच्या तोंडून 'अ' नाही. मी माझ्या कानांनी ऐकलं. इतकं नेमकं आम्ही कधी गायलो नव्हतो. मिझुशिमा-सानांनी शेवटचं अक्षर संपवून डोळे पुसले.

आम्ही तिच्याकडे बघत होतो. ती डावा कान पुढे करून, डोळे बारीक करून, अजून वाट बघत होती. मग तिला कळलं की आम्ही थांबलोय.

नेहमीसारखं ती निमित्त सांगेल असं मला वाटलं. श्वासाचं, चेहऱ्याचं, कशाचंही. तिने हात खाली घेतला, ओठ घट्ट मिटले, आणि पुन्हा वर उचलला.

"शेवट मला ऐकू आला नाही," ती म्हणाली. "परत."